कपाळाच्या कातडीचं नाक

दुसऱ्या बायकांचे डाग झाकणं हा माझा धंदा आहे. म्हणून माझ्या नाकावरचा डागही मी दोन वर्षं झाकून ठेवला, आणि इतका बेमालूम झाकला की रोज समोर बसून जेवणाऱ्या नवऱ्यालाही तो दिसला नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. कुणा बाईच्या चेहऱ्यावर अशीच न भरणारी जखम असेल आणि ती रोज सकाळी उठून त्यावर पावडर थापत असेल, तर तिच्यासाठी सांगते.

वाळूजला कामगारांच्या वसाहतीत आमचं घर आहे. रस्त्याकडच्या खोलीत माझं ब्यूटी पार्लर, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. आमचे हे एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर आहेत, शिफ्टची नोकरी. मुलगी पल्लवी कॉलेजला जाते. पार्लरमध्ये माझ्या जोडीला नसरीन असते. मेंदी आणि केस तिच्याकडं, तोंडाचं सगळं काम माझ्याकडं. आमच्याकडं येणाऱ्या बायका म्हणजे कंपनीत जाणाऱ्या पोरी, कामगारांच्या बायका आणि लग्नाच्या हंगामात नवऱ्या मुली. पार्लर मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं आहे. नवऱ्याच्या पगारावर घर चालतं, पण मी चालते ती त्या खोलीवर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात मला नाकापेक्षा त्या खोलीची काळजी जास्त होती.

चमकीवर घेतलेला संशय

डाव्या नाकपुडीवर, चमकीच्या भोकाच्या जरा वर, तांदळाच्या कणीएवढा एक दाणा आला होता. मोतिया रंगाचा, चकचकीत. दुखत नव्हता, खाजत नव्हता. मी ठरवून टाकलं की ही नकली चमकीची ॲलर्जी. सोन्याची घातली. तरी जाईना, म्हणून चमकीच काढली. मग त्या दाण्यावर खपली धरायला लागली. खपली पडायची, थोडं रक्त यायचं, परत खपली धरायची. मला वाटायचं, आता भरतंय.

पार्लरवालीला कातडीतलं सगळं कळतं, असा सगळ्यात जास्त समज पार्लरवालीचाच असतो. बर्फ लावून झाला, हळद लावून झाली, कोरफड झाली, मेडिकलमधून आणलेल्या दोन ट्यूब झाल्या. डॉक्टरकडं जायचं सोडून सगळं केलं. आणि रोज सकाळी आरशासमोर बसून आधी हिरवा कन्सीलर, कारण लाल रंग हिरव्यानं मरतो, मग आमच्या रंगाचा, मग पावडर. दहा मिनिटांत नाक कोरं करकरीत. बायका म्हणायच्या, ताई, या वयात तुमची स्किन काय छान हो. मला बरं वाटायचं.

ते एका लग्नात उघडं पडलं. मे महिना, कार्यालयातली कोंदट खोली, पंखा नुसताच फिरतोय. मी नवरीवर वाकून तिच्या डोळ्याला लायनर ओढत होते. घामानं माझा मेकअप सुटला असावा. नवरीच्या गळ्याभोवती गुंडाळलेल्या पांढऱ्या कापडावर रक्ताचा एक थेंब पडला. तिनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, मावशी, तुमच्या नाकाला रक्त आलंय. मी म्हटलं, नख लागलं गं. डाव्या हातानं कापूस दाबून धरला आणि उजव्या हातानं लायनर पुरा केला. नवरीची आई बाजूला उभी होती. तिनं ते कापड लेकीच्या अंगावरून स्वतः काढलं, घडी केली आणि खोलीच्या बाहेर ठेवून आली. शुभकार्यात रक्त सांडलं, तिचं तरी काय चुकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी घरी येऊन मी साबणानं तोंड धुतलं आणि तसंच ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ह्यांनी बराच वेळ पाहिलं. "हे कधीपासून?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते उठले आणि दुसऱ्या दिवशीची रजा टाकायला सुपरवायझरला फोन लावला.

गोऱ्या लोकांचा रोग

शहरातल्या चामडीच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं, एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल घ्यायला आम्ही दोघं गेलो. डॉक्टर वयानं लहानच होते, पण त्यांनी आडून काही सांगितलं नाही. त्वचेचा कॅन्सर आहे म्हणाले. हा प्रकार सावकाश वाढतो, लांब जात नाही, पण जिथं बसतो तिथलं खात जातो.

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "डॉक्टर, हा तर गोऱ्या लोकांचा रोग ना? मी अशी सावळी."

"कमी होतो आपल्याकडं. होतच नाही असं नाही, ताई," ते म्हणाले.

कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर माणसाला काय होतं, ते मला विचाराल तर काहीच होत नाही. पाय चालतात, तोंड बोलतं. बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, आलोच आहोत तर गुलमंडीवर जाऊ, पार्लरचं सामान घ्यायचंय. आणि आम्ही खरंच गेलो. मी वॅक्सचे डबे घेतले, ब्लीच घेतलं, कोणता ब्रँड आला कोणता नाही यावरून दुकानदाराशी हुज्जतही घातली. हे पिशवी धरून उभे होते. परत येताना मोटारसायकलवर मी मागं बसले आणि वाळूजच्या रस्त्याला लागल्यावर रडायला लागले. तोंडाला स्कार्फ बांधला होता, त्यामुळं रस्त्यावर कुणाला कळलं नाही. ह्यांना पाठीला कळलं असणार, कारण गाडी एकदम हळू झाली.

भीती मरणाची नव्हती. डॉक्टरांनी तसं भिववलंच नव्हतं. भीती ही, की नाक नसलेल्या बाईकडून तोंड कोण सजवून घेईल? माझं तोंड हीच माझी पाटी होती. आमच्या धंद्यात बाई आत येते, आधी तुमच्याकडं बघते आणि मग खुर्चीत बसायचं की नाही ते ठरवते.

कपाळ का, तर रंग जुळतो म्हणून

ऑपरेशन करणारे डॉक्टर दुसरे, प्लास्टिक सर्जन, वयस्कर, कमी बोलणारे. नाकपुडीचा तेवढा भाग काढावा लागेल, तिथं खड्डा पडेल, तो कपाळाच्या कातडीनं भरू, असं त्यांनी सांगितलं. मांडीची का नाही, असं ह्यांनी विचारलं. रंग जुळत नाही, ते म्हणाले. हे मला सांगायची गरज नव्हती. फाउंडेशन निवडताना कपाळ आणि नाक एकाच रंगाचं धरायचं, हे मी शिकायला येणाऱ्या पोरींना पहिल्या आठवड्यात शिकवते.

पण पुढचं मला माहीत नव्हतं. कपाळाची ती पट्टी एकदम कापून काढत नाहीत. ती भुवईपाशी जोडलेलीच ठेवतात, वळवून खाली आणतात आणि नाकाला शिवतात. नाकाकडून तिला रक्त मिळायला लागेपर्यंत, साधारण तीन आठवडे, तोंडावर तसाच कातडीचा पूल. मग दुसरं ऑपरेशन करून तो पूल कापायचा. डॉक्टरांनी आधीच्या पेशंटचे फोटो दाखवले. पल्लवी उठून बाहेर गेली. मी शेवटपर्यंत बघितले. एका बाईच्या भुवया नंतर खालीवर झालेल्या दिसत होत्या, ते मी त्यांना दाखवलं.

"भुवईचं पुढं बघू," ते म्हणाले. "आधी रोग काढू."

मी म्हटलं, बरं. आणि खरं सांगते, त्या एका वाक्यानं मला जाग्यावर आणलं.

बातमी ऐकून आई फुलंब्रीकडच्या आमच्या गावाहून आली. तिला जवळ बसवलं, सगळं नीट समजावून सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "मग कुंकू कुठं लावशील गं माय?"

"नाकावर लावीन," मी म्हटलं. माझा स्वभाव असा तिरकट. आई रडायला लागली. मग मीच तिला चहा करून दिला आणि म्हटलं, अगं, कपाळाची कातडीच नाकावर जाणार आहे, म्हणजे हिशेबानं बरोबरच आहे की. ती रडता रडता हसली आणि मला एक चापट मारली.

अपघात झाला म्हणायचं

ऑपरेशनच्या आधी ह्यांनी मला आणि पल्लवीला बसवून सांगितलं की बाहेर कॅन्सरचं नाव काढायचं नाही. गाडीवरून पडली म्हणायचं. पल्लवीला उद्या स्थळं येतील. आईला कॅन्सर म्हटलं की लोक पोरीच्या रक्तातच बघतात. कंपनीतही कुणाला नको, गल्लीतही नको. पल्लवी म्हणाली, पप्पा, असली माणसं नकोतच मला. ह्यांनी तिला गप्प केलं. मी मान हलवली. लपवण्यात मी मुरलेली होते, आणि त्या वेळी मला कुणीतरी काहीतरी ठरवून द्यायला हवंच होतं.

वॉर्ड

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी माझ्या कपाळावर जांभळ्या पेननं खुणा केल्या, शिंपी कापडावर ब्लाऊजचं माप टाकतो तशा. मला आत नेईपर्यंत हे माझा हात धरून चालत होते. दारापाशी सिस्टरनं त्यांना थांबवलं, तर म्हणाले, नाक जपून करा. सिस्टर म्हणाली, काका, नाकाचंच ऑपरेशन आहे.

जाग आली तेव्हा डोकं जड, तोंड कोरडं, नाकपुडीत नळी, आणि दोन डोळ्यांच्या मधोमध काहीतरी जाड, गरम. खाली बघितलं की ते दिसायचं. न बघावं म्हटलं तर बघायला दुसरं काही नव्हतं. उशी उंच करून पाठीवरच झोपायचं, शिंकायचं नाही, वाकायचं नाही, हसायचंही जपून. पहाटे सिस्टर ताप बघायला यायची, मग झाडू, मग चहा, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगला मी घाबरायचे. दुखतं म्हणून नाही. पट्टी सोडणाऱ्या बाईच्या डोळ्यांत काय दिसेल, याची भीती. पण त्या सिस्टरचं तोंड म्हणजे भाजी निवडणाऱ्या बाईचं तोंड. लक्ष कामात, दुसरं काही नाही. मला ती फार आवडायची.

शेजारच्या पलंगावर कन्नड तालुक्याकडच्या एक मावशी होत्या. मिश्रीनं जबड्याला रोग झाला होता, अर्धा जबडा काढलेला. त्यांना बोलता येत नव्हतं आणि मला बोललं की ओढायचं, त्यामुळं आमचं छान जमलं. एका दुपारी त्यांनी हातानं खुणा केल्या, आधी माझ्याकडं, मग स्वतःच्या केसांकडं. मी पार्लरवाली आहे हे त्यांच्या सुनेनं सांगितलं असणार. मी हळूच उठले, त्यांच्या मागं बसले आणि गुंता काढत काढत तेल लावून घट्ट वेणी घालून दिली. मावशींनी वेणी पुढं घेऊन हातानं चाचपली आणि माझी बोटं धरून बराच वेळ तशाच बसून राहिल्या. ऑपरेशननंतर मला पहिल्यांदा आपण कोणीतरी आहोत असं वाटलं ते तेव्हा.

स्वतःचं तोंड मी मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहिलं, पल्लवी खाली गेलेली असताना. कपाळावर उभी शिवण, एका भुवईपासून निघालेली जाड सोंड, आणि खाली सुजलेलं, काळंनिळं, टाक्यांचं काहीतरी, ज्याला पुढं नाक म्हणायचं होतं. मी फोन उपडा ठेवला. रडले नाही. मनात आलं, आता त्या खोलीचं काय करू. दवाखान्यातल्या पलंगावर बसून मला घरातली ती पुढची खोली आठवत होती.

हात कुठं लावताय?

घरी आले तर नसरीननं पार्लरच्या तिन्ही आरशांवर जुन्या ओढण्या टांगून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, हे काय, कुणी गेलं का घरात? ती म्हणाली, "दीदी, जब तुम बोलेंगे तब निकालती. अब्बी नक्को." मग मी वाद घातला नाही.

घरच्या ड्रेसिंगचं काम ह्यांनी घेतलं. पत्र्याच्या प्रेसवर काम करणारा माणूस, बोटं राकट, मला धास्ती. पण हे इतक्या हळू हातानं करायचे की मलाच घाई व्हायची. एक दिवस कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं ते नाकावरच्या खपल्या पुसत होते. मी डोळे मिटून बसले होते. म्हटलं, नाक सोडून कपाळाला कशाला हात लावताय?

"नाकालाच लावतोय," हे म्हणाले.

डोळे उघडले तर खरंच, कापूस नाकावर होता. आणि मला तो कपाळावर जाणवत होता, चांगला स्पष्ट, टिकलीच्या जागेच्या वर. हे पुन्हा लावून बघायला लागले. इथं? कपाळ. आणि इथं? केसांपाशी. आम्ही दोघंही खुळ्यासारखे हसत सुटलो, हसू नको म्हटलेलं असताना. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, असंच होतं, कातडी खाली आली तरी तिची नस अजून वरचीच आहे. नाकावर माशी बसली की मी कपाळ खाजवायचे. पल्लवी तर मुद्दाम नाकाला पीस लावून मजा बघायची.

ज्याच्या घरात असं आजारपण असेल त्याला एवढंच सांगते, ड्रेसिंग घरच्या माणसानं शिकून घ्यावं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी माझ्या तोंडाकडं इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं. पहिले काही दिवस मला त्याचीच लाज वाटत होती. मग सवय झाली.

तीन अपघात

आता अपघाताचं ऐका. ह्यांनी कंपनीत सांगितलं की ट्रकनं कट मारला. पल्लवीनं गल्लीत सांगितलं की स्पीड ब्रेकरवरून मम्मी उडाली. आणि नसरीननं पार्लरला आलेल्या बायकांना सांगितलं की कुत्रं आडवं आलं. एका नाकाला तीन अपघात. आमच्या गल्लीतल्या बायका काय दूधखुळ्या आहेत? त्यांनी सगळं जुळवून पाहिलं आणि गाडीवर एक ओरखडासुद्धा नाही हेही पाहिलं. मग ज्यांना जे सुचलं ते सुरू झालं. कुणी म्हणे नवऱ्यानं मारलं. बिचाऱ्या ह्यांनी आयुष्यात माझ्यावर आवाज चढवलेला नाही, आवाज चढवायचं खातं घरात माझ्याकडं आहे. शेवटी कुणाच्या तरी भाच्यानं मला कॅन्सरच्या वॉर्डात पाहिल्याचं निघालं, आणि खरं बाहेर पडलं. पण आता ते लपवलेलं खरं होतं, त्यामुळं त्याला शंभर शेपट्या फुटल्या. लपवलं म्हणजे लागण होणारं असेल. तिनं दोन वर्षं त्याच हातांनी आमच्या तोंडाला क्रीम लावली.

मधल्या काळात दुसरं ऑपरेशन होऊन पूल कापला गेला. रोग सगळा निघालाय, कडा स्वच्छ आहेत, असा तपासणीचा निकालही आला. डॉक्टरांनी तो वाचून दाखवला तेव्हा ह्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या दिवशी आम्ही पेढे आणले, पण गल्लीत वाटायचे कुणाला, हा प्रश्न पडला. घरातच खाल्ले.

पार्लरला बायका यायच्या थांबल्या. नसरीन रोज येऊन खोली झाडायची, उदबत्ती लावायची आणि बसून राहायची. एक जुनी गिऱ्हाईक दारापर्यंत आली, मला विचारलं, ताई, हे लागत तर नाही ना? मी म्हटलं, नाही हो. ती म्हणाली, तसं नाही, घरात लहान लेकरू आहे म्हणून आपलं. आणि गेली. त्या दिवशी मला राग आला तो तिचा नाही, ह्यांचा आला. मी म्हटलं, तुम्ही खरं सांगू दिलं असतं तर लोकांनी चार दिवस च्च च्च केलं असतं आणि विसरले असते. आता मी रोगी पण आणि खोटारडी पण. हे खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, माझं चुकलं. नवरा असं म्हणाला की बाईची पुढची सगळी वाक्यं वाया जातात.

पण दोन-चार दिवसांनी त्यांनीच विषय काढला की पुढची खोली भाड्यानं देऊ. एक झेरॉक्सवाला जागा शोधतोय. रविवारी बघायला येईल. तू आता आराम कर, खूप केलंस. त्यांच्या मनात काळं नव्हतं, मला ते कळत होतं. रोज रिकाम्या खुर्च्यांसमोर बसलेली मी त्यांना बघवत नव्हती. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. नसरीनला सांगितलं तर ती आरशांवरच्या ओढण्या काढून घडी करून पिशवीत भरायला लागली. तेव्हा मी कित्येक दिवसांनी त्या आरशांत स्वतःला पुरती पाहिली. नाकाची डावी बाजू फुगीर, बटाट्यासारखी. कपाळावर रेघ. डाव्या भुवईचं टोक थोडं नाकाकडं सरकलेलं. मी धंदेवाईक नजरेनं बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. सूज वर्षभर उतरत राहते म्हणाले होते. उतरेल तेव्हा उतरेल.

रविवार

रविवारी नसरीनच्या घरी कार्यक्रम होता, ती आली नव्हती. मी खोली आवरायला म्हणून उघडली होती. झेरॉक्सवाला यायचा होता, म्हणून हे मागं चहाची तयारी बघत होते. तेवढ्यात एक पोरगी आत शिरली. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. गळ्यात कंपनीचं कार्ड, खांद्याला डब्याची पिशवी, पहिली शिफ्ट सुटून आलेली. "ताई, आयब्रो होतील का लगेच? संध्याकाळी पाहुणे येणार आहेत मला बघायला, आणि हे बघा कसं जंगल झालंय."

मी तोंडावरून पदर घ्यायला हात वर नेला. पण ती तोवर खुर्चीत बसून मान मागं टाकून मोकळी झाली होती.

थ्रेडिंग ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं, दुसरं दोन हातांच्या बोटांत, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर इतकं वाकायचं की तिचा श्वास आपल्याला लागतो. वीतभर अंतरावर तिच्यासमोर फक्त माझं नाक. मी दोरा दातात धरला, वाकले आणि थांबले. मला वाटलं, ही आता किंचाळून उठेल.

तिनं डोळे उघडेच ठेवले होते. माझं नाक पाहिलं, कपाळ पाहिलं. मग विचारलं, "काय झालं होतं ताई?"

दोरा दातातून काढून मी सांगितलं, "कॅन्सर झाला होता. नाकाला. काढला. ही कपाळाची कातडी आहे."

गल्लीतल्या कुणाला मी हे आजवर स्वतःच्या तोंडानं सांगितलं नव्हतं. "दुखतं का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आता नाही. "बरं," ती म्हणाली आणि दोन बोटांनी पापणी ताणून धरत तिनं डोळे मिटले. "माझं दुखतं हो फार. हळू करा. आणि जास्त बारीक नका करू, त्या लोकांना सिंपल पाहिजे म्हणे."

मी दोरा परत दातात धरला. पहिले दोन-तीन ओढे वेडेवाकडे गेले, इतक्या दिवसांनी हात बसेना. ती आई गं म्हणाली. मग हात बसला. उजवी भुवई चांगली उतरली, कमान नीट आली. मी डावीकडं वळले आणि दारात चपला वाजल्या. हातात मापाची टेप घेतलेला एक माणूस उंबऱ्यात उभा होता.

"ताई, खोली हीच का?" त्यानं विचारलं.

माझ्या दातात दोरा. दोन्ही हात अडकलेले. मागच्या दारात हे चहाचा ट्रे घेऊन येऊन उभे राहिलेले मला दिसत होते. ते माझ्याकडंच बघत होते.

खुर्चीतली पोरगी डोळे न उघडता, पापणी ताणलेली न सोडता म्हणाली, "ओ भैया, कोणती खोली? लेडीज पार्लर आहे हे. बाहेर थांबा."

तो माणूस दचकून एक पाऊल मागं गेला. त्यानं ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काहीच बोलू शकत नव्हते, आणि मान हलवली असती तर पोरीची भुवई गेली असती. हे पुढं गेले, ट्रेमधला एक कप त्या माणसाच्या हातात दिला आणि त्याला म्हणाले, "चहा घ्या. खोली द्यायची नाय."

मी डावी भुवई करायला घेतली.